जपानच्या बाजारातला अडथळा हटवायचा कसा: युरोपीय उद्योगांच्या वाटेने एक सविस्तर मार्गदर्शक

ऑक्टोबर १९८२ मध्ये फ्रान्सने एक फर्मान काढलं. जपानहून येणारा प्रत्येक व्हिडिओ रेकॉर्डर यापुढे फक्त प्वातिए इथल्या कस्टम कचेरीतूनच सुटेल. प्वातिए समुद्रापासून लांब, देशाच्या आतल्या भागातलं शहर. तिथली कचेरी छोटी आणि माणसं मोजकी, त्यामुळे गोदामात खोक्यांची रास लागली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने तो नियम मागे घेतला. जपानने युरोपात पाठवायच्या रेकॉर्डरांवर काही काळ मर्यादा घालून घेतली, पण टोकियोच्या दुकानांत त्यामुळे युरोपचा माल वाढला नाही.

तो वाढला दुसऱ्या वाटेने. वर्षानुवर्षं नेमके, तारीखवार कागद करून, सगळ्यांनी मिळून एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडून. युरोपीय संघ आणि जपान यांच्यातला आर्थिक भागीदारी करार १७ जुलै २०१८ रोजी टोकियोत सह्या होऊन १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. त्यातली कित्येक कलमं आधी व्यापारी मंडळांच्या अहवालांत तक्रारी म्हणून छापून आलेली होती. हे काम कसं चालतं, ते पायरीपायरीने इथे सांगतो. युरोपीय कंपनीच्या निर्यात किंवा अनुपालन विभागात, पुण्यात, टोकियोत वा फ्रँकफर्टला काम करणारे मराठी लोक बरेच आहेत. त्यांना हे थेट उपयोगी पडेल. व्यापार धोरणाचा अभ्यास करणाऱ्यांनाही पडावं.

पायरी १: अडचण कोणत्या जातीची ते ठरवा

बहुतेक कंपन्या इथेच घोटाळा करतात. माल विकला जात नाही म्हटलं की ‘जपानचं शुल्क जास्त’ असं म्हणून मोकळ्या होतात. मोटारींचं उदाहरण घ्या. परदेशी मोटारींवरचं जपानचं आयात शुल्क १९७८ पासून शून्य आहे. युरोपीय मोटार कंपन्यांची खरी अडचण होती ती जपानच्या वेगळ्या तांत्रिक मानकांची आणि युरोपात झालेल्या चाचण्या तिथे पुन्हा कराव्या लागण्याची. यंत्रसामग्रीचंही तसंच, शुल्क बहुतांशी आधीपासूनच शून्य.

म्हणून पहिला प्रश्न हा: पैसा किंवा वेळ नक्की कुठे जातो? शुल्कात, तांत्रिक नियमात, मंजुरीच्या रांगेत, की सरकारी खरेदीच्या अटींत? काही अडथळे तर निव्वळ समजुतीचे असतात. १९८० च्या दशकात जपानने स्कीजसाठी (बर्फावरून घसरत जायच्या पट्ट्यांसाठी) स्वतंत्र मानक आणायचा घाट घातला, तेव्हा कारण दिलं होतं की जपानचा बर्फ वेगळा आहे. युरोपीय उत्पादकांनी त्यावर रान उठवलं. असला अडथळा शुल्काच्या तक्त्यात सापडणार नाही.

उत्तर एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात कायद्याचं किंवा अधिसूचनेचं नाव, मालाचा सहा आकडी एचएस कोड (कस्टममध्ये मालाचं वर्गीकरण करणारा जागतिक क्रमांक) आणि होणारं नुकसान ही तिन्ही आली पाहिजेत. ती येत नसतील तर अजून निदान झालेलं नाही.

पायरी २: करारात जे आधीच मिळालंय ते आधी पदरात पाडून घ्या

ज्या सवलतीचा तुम्ही वापरच करत नाही, त्याच्या पुढची सवलत मागायला जाल तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारेल. त्यामुळे इथे थोडं थांबून आकडेमोड करा.

वाइनचं बघू. करारापूर्वी बाटलीबंद वाइनवर जपानचं शुल्क १५ टक्के किंवा लिटरमागे १२५ येन, यांतलं जे कमी ते. मात्र लिटरमागे ६७ येनपेक्षा कमी नाही. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर कमीत कमी सुमारे ५० येन आणि जास्तीत जास्त सुमारे ९४ येन. करार लागू झाला त्याच दिवशी हे शुल्क शून्य झालं. आयातीचा भाव ५०० येन असलेल्या बाटलीचे ७५ येन वाचले, ही मोठी गोष्ट. ५,००० येनच्या बाटलीचेही ९४ येनच वाचले, त्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय मद्यकर आणि १० टक्के उपभोग कर आहेतच. चिलीची वाइनही आपल्या जुन्या करारामुळे एप्रिल २०१९ पर्यंत शून्यावर आली होती. तुमचा माल महागड्या गटातला असेल तर शुल्कमाफीच्या जोरावर विक्रीचं गणित मांडू नका.

चीजचं गणित वेगळं. गौडा, चेडर अशा कडक चीजवरचं २९.८ टक्के शुल्क १५ वर्षांत हळूहळू उतरतंय, तर मऊ चीजला कोटा आहे, म्हणजे ठरावीक वजनापर्यंतच सवलत, पहिल्या वर्षी २०,००० टन आणि सोळाव्या वर्षी ३१,००० टन. गोमांसावरचं ३८.५ टक्के शुल्क १५ वर्षांत ९ टक्क्यांवर यायचं आहे. त्यामुळे तुमच्या मालाला यंदा कोणता दर लागतो ते दर वर्षी नव्याने तपासायचं.

ही सवलत मिळते ती मूळस्थानाच्या निवेदनावर, म्हणजे माल कुठे तयार झाला हे सांगणाऱ्या मजकुरावर. यासाठी सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र लागत नाही. निर्यातदार बिलावर किंवा दुसऱ्या व्यापारी कागदावर ठरलेला मजकूर स्वतः छापतो. ६,००० युरोपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर युरोपीय निर्यातदाराकडे रेक्स (युरोपीय संघाची निर्यातदार नोंदणी) क्रमांक हवा. मजकुरात मूळस्थानाचा निकष एका अक्षराने लिहायचा असतो: संपूर्णपणे तिथेच मिळवलेला माल असेल तर ‘ए’, फक्त मूळस्थानी घटकांपासून केलेला असेल तर ‘बी’, बाहेरचे घटक वापरूनही त्या मालाचा विशिष्ट नियम पाळला असेल तर ‘सी’. ‘सी’ लिहिताना पुढे आकडाही येतो, कारण तो नियम कोणत्या प्रकारे पाळला हे सांगावं लागतं. सारखा माल वारंवार जात असेल तर एकच निवेदन १२ महिन्यांपर्यंतच्या अनेक खेपांना चालतं. कागद निर्यातदाराने किमान चार वर्षं आणि आयातदाराने किमान तीन वर्षं जपून ठेवायचे.

आता आपल्याकडचा संबंध. रत्नागिरीच्या हापूसचा पल्प नेदरलँड्सला जातो. त्यापासून तिथे तयार झालेला पदार्थ पुढे जपानला गेला, तर तो पल्प युरोपीय मूळस्थानाचा धरला जात नाही. मग त्या पदार्थाच्या नियमात बाहेरचं फळ वा साखर किती चालते ते पाहावं लागतं. युरोपीय खरेदीदार तुमच्याकडे घटकांचा तपशील मागतो तो याचसाठी; त्याला टाळाटाळ करू नका. तोच पल्प थेट भारतातून जपानला धाडायचा असेल तर १ ऑगस्ट २०११ पासून लागू असलेला भारत-जपान करार वेगळा, त्याचे नियमही वेगळे. ब्रिटनचा मालही २०२१ पासून युरोपीय संघाच्या करारात मोडत नाही, त्यांचा जपानशी स्वतंत्र करार आहे.

शंका असेल तर जपानच्या कस्टमकडून आगाऊ लेखी निर्णय घ्या. तोंडी उत्तरावर कंटेनर पाठवू नये.

पायरी ३: दार कुणाचं ठोठवायचं?

मेटी, म्हणजे अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालय, हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण वैद्यकीय उपकरणं आणि औषधं आरोग्य मंत्रालयाकडे असतात, त्यांची तांत्रिक छाननी पीएमडीए ही संस्था करते. प्राणी आणि वनस्पतींचं विलगीकरण कृषी मंत्रालयाकडे, वाहनांची मानकं वाहतुकीचं खातं पाहणाऱ्या मंत्रालयाकडे, कस्टम आणि मद्यकर अर्थ मंत्रालयाच्या छत्राखाली.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत विशेष सावध राहा. एप्रिल २०२४ पासून अन्नाची मानकं ठरवण्याचं काम आरोग्य मंत्रालयाकडून ग्राहक व्यवहार संस्थेकडे गेलं. बंदरावरच्या आयात मालाची तपासणी मात्र आरोग्य मंत्रालयाच्या विलगीकरण केंद्रांकडेच राहिली, आणि जोखमीचं शास्त्रीय मूल्यांकन २००३ साली स्थापन झालेला अन्नसुरक्षा आयोग करतो. जुन्या फाइलमधला पत्ता पाहून निवेदन धाडलं तर ते टेबलाटेबलावर फिरत राहील.

पायरी ४: एकट्याने जाऊ नका

एका कंपनीची तक्रार ही त्या कंपनीची अडचण ठरते. सगळ्या क्षेत्राने मिळून मांडली की ती धोरणाची बाब होते. जपानमध्ये याची घडी चांगली बसलेली आहे. जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्वीडिश अशी राष्ट्रीय व्यापारी मंडळं टोकियोत आहेत, आणि व्यापार धोरणाचं काम ती एकत्रितपणे युरोपियन बिझनेस कौन्सिल, म्हणजे ईबीसी, या १९७२ पासूनच्या संस्थेतून करतात. तिथे क्षेत्रवार समित्या आहेत: मोटारी, वैद्यकीय उपकरणं, खाद्यपदार्थ, मद्य, रेल्वे, विमा वगैरे. तुमची कंपनी आपल्या देशाच्या मंडळाची सभासद झाली की समितीचा रस्ता खुला होतो.

समितीत गेलात की पहिल्याच बैठकीत मागणी रेटू नका. आधी जुने अहवाल वाचा. तुमची अडचण त्यांत आधीच नोंदलेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि तसं असेल तर नवी मागणी मांडण्यापेक्षा जुनीला ताजा पुरावा जोडणं जास्त मोलाचं. प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस शेजारीच बसलेला असेल, म्हणून किमती, ग्राहक, विक्रीचे बेत हे विषय बैठकीत काढायचे नाहीत. स्पर्धा कायदा तिथेही लागू आहे.

लहान कंपनीला मंडळाची वर्गणी परवडत नसेल, तर युरोपीय आयोग आणि जपान सरकार यांनी १९८७ मध्ये मिळून स्थापन केलेलं ईयू-जपान औद्योगिक सहकार्य केंद्र आहे. टोकियो आणि ब्रुसेल्समध्ये त्याची कार्यालयं आहेत, आणि कराराविषयीच्या शंकांसाठी मदत कक्षही आहे.

जपानी भागीदारालाही सोबत घ्या. आयातदार, वितरक, तुमचा माल वापरणारा जपानी कारखाना यांचं म्हणणं मंत्रालयात वेगळ्या कानाने ऐकलं जातं. १९९९ पासून चालत आलेलं ईयू-जपान बिझनेस राउंड टेबल याच तत्त्वावर उभं आहे. दोन्हीकडच्या कंपन्या मिळून संयुक्त शिफारशी करतात आणि त्या दोन्ही सरकारांना देतात. माझ्या मते जपानी सही असलेली एक शिफारस युरोपीय सह्यांच्या दहा पत्रांना भारी पडते.

पायरी ५: मागणीचा कागद

सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या.

ईबीसीच्या श्वेतपत्रिकांची, म्हणजे अडचणी आणि शिफारशींच्या अहवालांची, मांडणी गिरवण्याजोगी आहे. प्रत्येक मुद्द्याला अडचणीचं थोडक्यात वर्णन, मग त्या वर्षीचा प्रगतीचा शेरा (प्रगती नाही, काही प्रगती, प्रगती झाली) आणि शेवटी शिफारस. पुढच्या वर्षी तोच मुद्दा पुन्हा, नव्या शेऱ्यासह. वर्षामागून वर्षं ‘प्रगती नाही’ असं छापून येत राहिलं की त्या खात्याच्या अधिकाऱ्याला वरून विचारणा होऊ लागते. आवाज न चढवता दबाव आणायची ही पद्धत मला फार पटते.

शिफारस किती नेमकी हवी ते पाहा. समजा, तुमच्या बेकरी पदार्थात एक स्थिरकारक घटक आहे, तो युरोपात मान्य आहे, पण जपानच्या मान्य पूरक द्रव्यांच्या (फूड अॅडिटिव्हजच्या) यादीत नाही. जपानमध्ये यादीत जे नाही ते चालत नाही. ‘जपानने पूरक द्रव्यांचे नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर आणावेत’ ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असं लिहा: अमुक द्रव्य, अमुक खाद्यगटात, किलोमागे इतक्या कमाल प्रमाणात मान्य करावं, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचं मूल्यांकन झालेलं आहे, अहवाल सोबत जोडला आहे, मूल्यांकनाची विनंती अन्नसुरक्षा आयोगाकडे या आर्थिक वर्षात पाठवावी. आता अधिकाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळलं, आणि वर्षाअखेरीस शेरा मारणंही सोपं झालं.

त्याखाली जपानचा फायदा लिहायला विसरू नका. ग्राहकाला निवड मिळेल, जपानी बेकऱ्यांना तोच घटक वापरता येईल, मंत्रालयाचा तपासणीचा भार हलका होईल, जे खरं असेल ते. २००२ मध्ये जपानने जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४६ पूरक द्रव्यांचं मूल्यांकन आपणहून हाती घ्यायचं ठरवलं, कारण सुरक्षितता सिद्ध झालेली द्रव्यं अडवून ठेवणं त्यांनाही अवघड जात होतं. त्या यादीचं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं, तेव्हा धीर हवाच.

कागद जास्तीत जास्त दोन पानी असावा आणि जपानी भाषेत असावा. इंग्रजी प्रत सोबत जोडा. भाषांतर त्या क्षेत्रातल्या माणसाकडून करून घ्या, कारण कायद्यातली संज्ञा चुकली तर मागणीच बदलते.

पायरी ६: वेळापत्रक

जपानचं सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मंत्रालयं पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पी मागण्या ऑगस्टअखेर देतात, त्यामुळे ज्या मागणीला सरकारचा पैसा लागणार तिची बोलणी त्याआधी झालेली हवीत. कराचा विषय असेल तर डिसेंबरमध्ये सत्ताधारी बाजूचा करसुधारणांचा आराखडा ठरतो. शरद ऋतूत त्यासाठी भेटी झाल्या नाहीत तर वर्ष गेलंच म्हणून समजा. संसदेचं साधारण अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, आणि त्या काळात अधिकारी प्रश्नोत्तरांच्या तयारीत बुडालेले असतात.

जपानच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टच्या काळात, मोठ्या बदल्या होतात. दोन-तीन वर्षांनी माणूस खुर्ची बदलतो. तुमची बाजू समजावून घेतलेला अधिकारी गेला की नव्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. यासाठी प्रत्येक भेटीचं टिपण जपा आणि नवा माणूस आला की लगेच ओळखीची भेट मागा, मागणी न करता.

पायरी ७: भेट

मंत्र्यांसोबतच्या फोटोला फार महत्त्व देऊ नका. मसुदा विभागप्रमुख आणि त्याचा सहायक यांच्या टेबलावर तयार होतो, भेट त्यांची घ्या. कागद आठवडाभर आधी पाठवा म्हणजे ते संबंधित विभागांशी बोलून ठेवतील. बैठकीत अचानक नवा मुद्दा काढला तर समोरच्याला काहीच बोलता येत नाही, आणि तो गप्प बसला याचा अर्थ होकार नव्हे.

तीन-चार जणांनी जा, बोलणारा एकच ठेवा. उठण्यापूर्वी पुढचं पाऊल कुणाचं आणि कधी हे विनयाने विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी आभाराच्या पत्रात तेच लिहून पाठवा.

पायरी ८: मसुदा बाहेर येण्याआधी आणि आल्यावर

प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यातल्या दुरुस्तीनुसार एप्रिल २००६ पासून नियम-अधिसूचनांच्या मसुद्यांवर जनतेच्या सूचना मागवणं बंधनकारक आहे, आणि मुदत साधारण ३० दिवसांची असते. मसुदे ई-गव्ह या सरकारी संकेतस्थळावर येतात. परदेशी कंपनीलाही सूचना पाठवता येते आणि ती जरूर पाठवावी, कारण सरकारला आलेल्या सूचनांचा सारांश आणि आपलं उत्तर जाहीर करावं लागतं. ते छापील उत्तर पुढच्या वर्षीच्या कागदात उपयोगी पडतं.

एवढ्यावर मात्र विसंबू नका. मसुदा जाहीर होतो तोवर त्याचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. ते ठरतं सल्लागार परिषदांमध्ये, जिथे प्राध्यापक, उद्योग संघटना आणि ग्राहक प्रतिनिधी बसतात. त्यांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्तं बहुधा प्रसिद्ध होतात. कुणीतरी ती नियमित वाचणारा हवा. जपानी वाचणारा एक तरुण सहकारी या कामाला नेमला तर तो महागड्या सल्लागारापेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

पायरी ९: ब्रुसेल्सची बाजू

टोकियोत गाडं अडलं की तोच कागद ब्रुसेल्सला न्यायचा. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये मुख्य व्यापार अंमलबजावणी अधिकारी हे पद निर्माण केलं आणि तक्रारींसाठी एकच खिडकी उघडली. टोकियोतल्या युरोपीय संघाच्या प्रतिनिधी मंडळालाही कळवा. करारात विषयवार समित्या आहेत, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर तुमचा मुद्दा चढला की ती दोन सरकारांमधली बाब होते.

ही बाजू किती जड पडते त्याचा दाखला २०१२-१३ चा आहे. कराराच्या वाटाघाटींना मुभा देताना युरोपने अट घातली होती: पहिल्या वर्षात जपानने शुल्काव्यतिरिक्तचे अडथळे हलवून दाखवले नाहीत तर बोलणी थांबवू. कोणते अडथळे, याचं उत्तर देणारी टिपणं उद्योगांनी तयारच ठेवली होती. मोटारींच्या बाबतीत तर करारातच तरतूद झाली की पहिल्या दहा वर्षांत जपानने पुन्हा असे अडथळे आणले तर युरोप आपलं शुल्क परत लावू शकतो.

काही विषय मात्र वर्षानुवर्षं अडून राहतात. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला आणि जपानने जर्मन डुकराच्या मांसाची आयात थांबवली. रोग ज्या भागात आहे तेवढाच भाग वगळा, असं युरोपचं म्हणणं. विलगीकरणाच्या बाबतीत जपान सहज मागे हटत नाही, आणि त्यामागची काळजी खोटी नाही. इथे शास्त्रीय आकडेवारीशिवाय दुसरं काही कामाला येत नाही.

पायरी १०: शेवटचा उपाय

दाव्याची पायरी क्वचितच येते, पण ती आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असावं लागतं. व्हिस्की आणि शोचू या जपानी दारूचा खटला बघा. जपानी शोचूवर कर कमी आणि व्हिस्की, ब्रँडीवर कितीतरी जास्त. युरोपने गॅटमध्ये (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या व्यापार करारात) तक्रार केली, १९८७ मध्ये निवाडा युरोपच्या बाजूने लागला, जपानने कायदा बदलला, तरी तफावत उरलीच. १९९५ मध्ये नव्या जागतिक व्यापार संघटनेत पुन्हा तक्रार गेली, अमेरिका आणि कॅनडाही त्यात होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये अपिलीय मंडळाने जपानविरुद्ध निकाल दिला आणि पुढे टप्प्याटप्प्याने कर जुळवले गेले. पहिल्या तक्रारीपासून दशकाहून जास्त काळ लागला. व्हिस्कीवाल्यांकडे तेवढा दम आणि तेवढी कागदपत्रं होती, म्हणून ते टिकले.

पायरी ११: जिंकल्यानंतर

नियम बदलला तरी बंदरावरच्या खिडकीत तो पोचलेला असतोच असं नाही. करार लागू झाल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत जपानी कस्टम मूळस्थानाच्या निवेदनासोबत जादा स्पष्टीकरण मागत होतं. निर्यातदारांना ते देणं जड जाई, कारण त्यात उत्पादनाची गुपितं उघड व्हायची. व्यापारी मंडळांनी आणि आयोगाने विषय लावून धरला आणि २०१९ मध्येच ही पद्धत सैल करण्यात आली.

म्हणून बदलानंतरच्या पहिल्या काही खेपांवर स्वतः लक्ष ठेवा. कोणत्या बंदरात कोणता कागद मागितला आणि माल किती दिवसांत सुटला हे आयातदाराकडून लिहून घ्या. चार बंदरांत चार पद्धती दिसल्या तर ते टिपण समितीकडे द्या, म्हणजे पुढच्या श्वेतपत्रिकेत त्या मुद्द्यापुढे ‘प्रगती झाली’ असं लिहायचं की ‘काही प्रगती’, हे त्यांना ठरवता येईल.